चोर सोडून संन्याशाला

टक्... टक्... टक्. बटण दाबलं की सेकंदाला एकदा हा आवाज. त्याच्यासोबत पंख्याचं पातं जेमतेम बोटभर हलायचं, थांबायचं, परत हलायचं. पडद्यावर काळोख.

मशीन म्हणजे १९८८ सालचा कॉम्प्युटर, आयबीएम पीसी एक्सटीच्या धाटणीचा क्लोन, म्हणजे दुसऱ्या कंपनीने केलेली नक्कल. आणणारा मुलगा मशीनपेक्षा वयाने लहान. "बाबा यावर प्रोग्रॅमिंग शिकले. पॉवर सप्लाय गेलाय बहुतेक," म्हणाला. मीही मान डोलावली. इतका जुना सप्लाय, आतले इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटर, म्हणजे आत ओलं रसायन असलेले, वीज साठवणारे डबे, सुकलेलेच असणार. आवाज ऐकूनच निदान केलं म्हणा ना.

सप्लायचा डबा उघडला. २३० व्होल्टचं एसी डीसी झालं की सव्वातीनशेच्या आसपास जातं, आणि ते दोन जाड कपॅसिटरमध्ये वाटून बसलेलं असतं. प्लग काढला म्हणून ते लगेच जात नाही. रेझिस्टरमधून रिकामं करायचं, मीटरवर शून्य बघायचं, मगच बोट घालायचं. तेवढी शिस्त मात्र पाळली. मग दुय्यम बाजूचे, म्हणजे कॉम्प्युटरला कमी व्होल्टेज पुरवणाऱ्या बाजूचे, अकराच्या अकरा कपॅसिटर काढून नवे बसवले. जुन्या बोर्डाचा तांब्याचा पत्रा लगेच उचलला जातो, त्यामुळे घाई करता येत नाही. अर्धा दिवस गेला.

चालू केलं. टक्... टक्... टक्.

आता जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. मदरबोर्डाकडे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डाकडे, वीज नेणारे पी८ आणि पी९ हे दोन्ही कनेक्टर उपसले आणि ५ व्होल्टच्या लाइनवर २.२ ओहमचा जाडजूड रेझिस्टर लावला. या काळातले सप्लाय लोडशिवाय धड चालत नाहीत, म्हणून हा खोटा लोड. बटण दाबलं आणि पंखा भर्रकन सुरू! ५.०४ व्होल्ट. १२ जागेवर, उणे १२ आणि उणे ५ही जागेवर. क्षणभराने 'पॉवर गुड'ची वायरही ५ व्होल्टवर आली. व्होल्टेज स्थिर झाल्याचं ही वायर बोर्डाला कळवते, तोवर प्रोसेसर रिसेटमध्ये अडकून असतो. रेझिस्टर चांगलाच तापला. अकरा वॅट तो एकटा पीत होता.

म्हणजे सप्लाय ठणठणीत होता. बोर्डावर कुठेतरी शॉर्ट होता. तो दिसला की सप्लाय स्वतःला बंद करायचा आणि परत प्रयत्न करून बघायचा. तोच तो टक्.

बोर्डावर १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये मीटर लावला तर ०.९ ओहम, म्हणजे जवळजवळ शॉर्टच. सगळी कार्डं काढली तरी तेवढाच. मग टेबलावरच्या दुसऱ्या, व्होल्ट-अँपिअर ठरवून देता येणाऱ्या सप्लायने त्या लाइनवर जास्तीत जास्त १ व्होल्ट, १ अँपिअर सोडलं आणि कार्डांच्या स्लॉटांशेजारच्या टँटलम धातूच्या कपॅसिटरवरून एकेक करत बोट फिरवलं. पिवळे, थेंबाच्या आकाराचे, हरभऱ्याएवढे. पहिला गार, दुसरा गार, तिसराही. चौथ्याला टेकवलेलं बोट झटकन मागे आलं.

१० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा. १२ व्होल्टच्या लाइनवर १६चा टँटलम म्हणजे काठावरचं काम. बिघडला की तो बहुधा सरळ शॉर्टच होतो, आणि मागचा सप्लाय आडदांड असेल तर फटाक्यासारखा फुटतो. इथे सप्लाय शहाणा निघाला.

एक पाय कापला, मीटरवरचे ओहम वर चढले, शॉर्ट गेला. नवा २५ व्होल्टचा बसवला, दोनदा दिशा बघून. टँटलमवरची रेघ अधिकचं टोक दाखवते, साध्या इलेक्ट्रोलाइटिकवरची उणेचं. हा घोळ कुणी घालून ठेवला देव जाणे. पी८-पी९ लावताना काळ्या वायरी मधोमध एकमेकींना खेटून आहेत ना, हेही बघितलं. अदलाबदल झाली तर बोर्डच जायचा.

बटण दाबलं. पडद्यावर मेमरीचे आकडे चढत चढत ६४० केबीला थांबले आणि एक छोटासा बीप आला.

संध्याकाळी मुलाचा फोन. "सप्लायच होता ना?"

"नाही रे," म्हटलं, आणि काढलेले अकरा कपॅसिटर तसेच बोलता बोलता मीटरला लावत गेलो. एकही बाद नव्हता. बिलात एकच कपॅसिटर लिहिला, टँटलमचा.