आधी पाणी सोडून बघू, मग काँक्रीट

मी मराठवाड्यातल्या एका क वर्ग नगरपरिषदेत जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता आहे. क वर्ग म्हणजे लोकसंख्या 40 हजाराच्या आत, घरपट्टी नळपट्टीची वसुली जेमतेम, म्हणून सिमेंट रस्ता करायचा म्हणलं की सगळे शासनाच्या निधीची वाट बघत बसतेत. मार्चचा शेवटचा आठवडा होता, जुन्या पेठेतल्या गल्लीत मुरूम खडी टाकून रोलर फिरलेला, काँक्रीटची गाडी येऊन उभी, आणि आमचे पाणीपुरवठ्याचे लाइनमन मामा म्हणले, "साहेब, घाई करू नका, आधी ह्या रस्त्याखालच्या नळाच्या लाइनला पाणी सोडून बघू."

आमच्याकडं नळाला पाणी आठ-दहा दिवसाला. मधी लाइन कोरडी, त्यामुळं कुठं फुटलीय ते वरून कळतच नाही. एस्टिमेटमध्ये तर ह्या लाइनचं नावच नव्हतं, रस्त्याची लांबी रुंदी धरली आणि झालं. मामांनी पाळी नसताना व्हॉल्व्ह फिरवला, बायका घागरी घेऊन पळत आल्या, आणि थोड्या वेळात दाबलेल्या मुरमावर तीन जागी ओल आली. खाली आमची काळी माती. पाणी पिली की फुगते, वाळली की भेगा पडतेत, वर कितीबी भारी काँक्रीट टाका, तडकणारच.

मी गाडी परत पाठवली. मग फोनवर फोन, 31 मार्चच्या आत खर्च दाखवा, निधी परत जाईल. गल्लीतले एक काका पण चिडले, म्हणले शासनाचा पैसा हाय, तुमच्या खिशातून चाललाय का?

तिथंच ओट्यावर बसून त्यांना सांगितलं. काका, शासनाच्या तिजोरीत टॅक्सबरोबर कर्ज पण असतंय, राज्य सरकार रोखे काढतं, रिझर्व्ह बँक त्याचा लिलाव करते, बरेच रोखे दहा वर्षाचे न् त्याहून जास्त मुदतीचे, आणि व्याज दर सहा महिन्याला. पुणे महापालिकेनं 2017 ला स्वतःचे 200 कोटींचे रोखे काढले, 7.59 टक्क्यानं, पाण्याच्या योजनेसाठी. आपल्या वसुलीवर आपल्याला असं कोण देणार? म्हणून राज्य कर्ज काढतं न् त्यातलं आपल्याला देतं. रस्ता दोन वर्षात उखडला तरी ते कर्ज तुमचा नातू फेडत बसणार. काका गप झाले, मग म्हणले, "मंग लाइन बदलूनच टाका."

मला तर वाटतं गावातल्या रस्त्याच्या प्रत्येक एस्टिमेटला पाणी सोडून घेतलेली टेस्ट सक्तीची करावी, तांत्रिक मान्यतेच्या आधीच. एक दिवस जातो फक्त, आणि कुठं खोदायचं ते लाइनमनला माहीत असतंय, त्याला विचारत कुणी नाही.

त्या दिवशी एमबीत, म्हणजे झालेल्या कामाच्या मोजमापाच्या वहीत, मी काँक्रीटची एक ओळ लिहिली नाही. खर्चाला मुदतवाढ मागितली, भांडून मिळाली. लाइन बदलली, परत पाणी सोडलं, मामांनी सगळी गल्ली चालत जाऊन बघितली, तेव्हा कुठं काँक्रीट पडलं. तोवर ऊन एवढं वाढलेलं की क्युरिंगला, म्हणजे नवं काँक्रीट ओलं ठेवायला, नळाचं पाणी वापरायचं नाही असं बायकांनी ठणकावलं, बरोबरच होतं त्यांचं, ठेकेदाराला शेतातल्या विहिरीवरून टँकर लावायला लावला.