परभणी, मुंबई आणि बत्तीस सेंटीमीटरचा दोरा

मुलाचे सॅन फ्रान्सिस्कोचे तिकीट मे महिन्यातले निघाले. त्यावर मुंबईहून दुपारी दोनला उड्डाण आणि त्याच दिवशी सायंकाळी साडेपाचला आगमन, असे छापलेले पाहून आई म्हणाली, "साडेतीन तासांतच जातंय की पोरगं! मुंबईपेक्षा जवळच झालं म्हणायचं." तिची वजाबाकी बरोबर होती; मात्र दोन्ही वेळा आपापल्या गावच्या घड्याळाच्या होत्या, आणि मे महिन्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. ते मिळवले की प्रवास सोळा तासांचा होतो.

अंतर मोजण्यासाठी मी मुलाचा शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढला. भिंतीवरच्या सपाट नकाशात पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, सहारा आणि अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत शिरते. गोलावर दोरा ताणून धरला, तेव्हा तो हिमालय आणि सैबेरियावरून आर्क्टिक महासागरात उतरला व अलास्कामार्गे खाली आला. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग हाच. गोलाचा व्यास ३० सेंटीमीटर, म्हणजे परीघ सुमारे ९४, आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर. त्यामुळे एक सेंटीमीटरला साधारण ४२५ किलोमीटर पडतात. दोरा ३२ सेंटीमीटर भरला, म्हणजे १३,६००. गणिताने येणारे अंतर १३,५०० च्या आसपास आहे. शिवणाच्या दोऱ्याने एवढे जमले, हेही पुष्कळ झाले.

मात्र विमान दोऱ्यावरून चालत नाही. हवामान, बंद असलेले हवाई क्षेत्र आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दहा-बारा किलोमीटर उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे, यांवर मार्ग ठरतो. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले, तरीही वारा पाठीशी असल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांतच उरकला. लांबची वाट लवकर संपते, हे आईला मुळीच पटले नाही. मलाही ते कागदावर मांडल्यावरच पटले.

आता आमच्या बाजूचा हिशेब. परभणी ते मुंबई रेल्वेने सुमारे ५५० किलोमीटर. रात्री आठला घर सोडायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, तिथून विमानतळ गाठायचा, तीन तास आधी रांगेत उभे राहायचे आणि दुपारी दोनला उडायचे, म्हणजे जमिनीवर अठरा तास आणि आकाशात सोळा.

हे सगळे ऐकून आईने एवढेच विचारले, "आन् गाडी मनमाडलाच थांबून राहिली तर?"

पोराला एक दिवस आधी पाठवायचे ठरले आहे.