नव्या लॅपटॉपसाठी लिनक्स निवडताना

उद्यमनगरातील दोन कारखान्यांचे हिशेब आणि मराठी पत्रव्यवहार मी घरूनच सांभाळतो. जुन्या डेस्कटॉपवर विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या डेबियन या प्रकाराने इतकी वर्षे निर्वेध साथ दिली होती, की ऑगस्ट २०२४ मध्ये राजारामपुरीतून नवा लॅपटॉप आणल्यावर मी दुसऱ्या कशाचा विचारही केला नाही.

डेबियन १२ ची लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवून पाहता येणारी, आवृत्ती पेनड्राइव्हवरून सुरू झाली, डेस्कटॉप दिसला, पण वाय-फायचा मात्र पत्ताच नव्हता. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) यंत्रातील भागांची यादी देणारी एलएसपीसीआय ही आज्ञा ड्रायव्हरचा, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचा, तपशील दाखवणाऱ्या पर्यायासह दिली, तेव्हा रियलटेकच्या आरटीएल८८५२बीई या वाय-फाय चिपचे नाव व्यवस्थित आले. परंतु वापरात असलेला ड्रायव्हर सांगणारी ओळ तिच्याखाली नव्हतीच. फोन यूएसबी केबलने जोडून त्याच्या इंटरनेटवर शोध घेतल्यावर उलगडा झाला. या चिपचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या गाभ्यात, ६.२ या आवृत्तीपासून आला आणि डेबियन १२ चा कर्नेल ६.१ आहे. यात डेबियनचा दोष नाही. स्थैर्यासाठी ते एकच कर्नेल दीर्घकाळ सांभाळतात आणि माझ्या जुन्या यंत्राला त्याचाच लाभ झाला होता. इन्स्टॉल करायला सोपे कोणते, हे विचारण्याआधी कर्नेल कोणता, हे पाहायला हवे होते.

भाच्याने फेडोरा हे दुसरे लिनक्स सुचवले. "मामा, नव्या मशीनला तेच बरं," असे त्याचे म्हणणे होते आणि ते चुकीचे नव्हते, कारण फेडोराची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. तथापि प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेराच महिने अद्यतने मिळतात, आणि ऐन रिटर्न भरण्याच्या दिवसांत आवृत्ती बदलणे मला परवडणारे नाही. जुलैमध्ये आलेल्या लिनक्स मिंट २२ मध्ये ६.८ कर्नेल होता आणि अद्यतने २०२९ पर्यंत मिळणार होती. कर्नेल सर्वांत नवा नव्हता, पण माझ्या चिपला पुरेसा होता, म्हणून हेच लिनक्स निवडले. नुसते मिंट हे नाव पाहून भाच्याकडची मिंट २१.३ ची पेनड्राइव्ह वापरली असती, तर ५.१५ कर्नेलमुळे पुन्हा तिथेच अडकलो असतो.

या वेळी लाइव्ह अवस्थेत वाय-फायच्या यादीत शेजाऱ्यांच्या नेटवर्कांसह आमचेही नाव आले. आवाज, टचपॅड, प्रकाश कमी-जास्त करणारी बटणे तपासली. झाकण मिटून पुन्हा उघडले. डिस्कवरचा विंडोजचा भाग, म्हणजे विभाजन, लहान करण्यापूर्वी बिटलॉकर या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सुविधेची अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की डायरीत उतरवून दोनदा पडताळली. ही की हाताशी नसेल, तर विभाजनाला हात लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रत्यक्ष इन्स्टॉलेशनला अर्धा तासही लागला नाही. त्यानंतर सेटिंगमध्ये मराठी टायपिंगचा इन्स्क्रिप्ट कळफलक जोडून प्रथम 'सह्याद्रीच्या दऱ्या' असे टाइप केले. 'ऱ्या' नीट उमटला, तेव्हा कारखान्यांची पत्रे जुन्या डेस्कटॉपवरून इकडे आणली.