मुलाच्या भेटीच्या अटी मोघम ठेवू नका

घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी संमतीने ठरवून कोर्टात दिलेल्या लेखी अटींमध्ये) 'वडिलांना मुलाला भेटता येईल' एवढंच लिहिलं, की पहिल्याच रविवारी वाद उभा राहतो. वार, वेळ, जागा नेमकी लिहा: पहिला व तिसरा शनिवार, सकाळी १० ते रविवार संध्याकाळी ६, न्यायचं आणि सोडायचं ठाण्यात आईच्या सोसायटीच्या गेटवर. वडील नेरूळला राहत असतील, तर रविवारच्या मेगाब्लॉकसाठी अर्ध्या तासाची सवलतही लिहा. दिवाळी आणि मेची सुट्टी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल कधी, पासपोर्ट कोणाकडे, हेही हवं. मूल आजारी पडून बुडालेली भेट कधी भरून द्यायची, हे मात्र मसुद्यात हमखास राहून जातं.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. 'सहसा'च, निर्णायक ठरतं ते मुलाचं हित. निकालापर्यंत थांबायची गरज नाही, हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, भेटीचा अर्ज करता येतो. परिस्थिती बदलली, तर ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो.

पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका, कृपा करून. थकबाकीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज असतो.