नंदादेवी ईस्टच्या पायथ्याशी

उत्तराखंडातल्या नंदादेवी ईस्ट शिखराच्या बेस कॅम्पला जाऊन आलो म्हटलं, की डोंगरातली मित्रमंडळी दोन गोष्टी हमखास विचारतात. परमिट कुठे मिळतं, आणि या डोंगरावर चढणाऱ्यांवर देवी कोपते म्हणतात, त्या कोपाचं खरं काय? परमिट मुन्स्यारीत, एसडीएमच्या (प्रांताधिकाऱ्याच्या) कचेरीत मिळतं. ओळखपत्राच्या प्रती आणि फोटो जरा जास्तच घेऊन जा, पुढे आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या) चौक्यांवर कागद दाखवावे लागतात. कोपाच्या प्रश्नासाठी मात्र निवांत बसावं लागेल.

मुन्स्यारी सोडली की वाट गोरीगंगेच्या काठाने वर सरकते. बुगडियारपर्यंतची दरी इतकी अरुंद, की ऊन पोचायला दुपार उजाडते. खाली नदीचा आवाज एवढा, की पुढच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. पाठीवरची सॅक, खेचरांना वाट देण्यासाठी भिंतीला चिकटणं, संध्याकाळी ओले मोजे. हिमालयात चाललेल्या कुणालाही हे नवं नाही, म्हणून पुढे जातो. रिलकोटनंतर दरी उघडते आणि झाडी संपत जाते. मग एक खडा चढ चढून मारतोलीच्या पठारावर येतो.

मारतोली ही जोहार खोऱ्यातल्या शौका व्यापाऱ्यांची वस्ती. तिबेटशी मीठ, लोकर आणि धान्याचा व्यापार चालायचा तेव्हा ही गावं गजबजलेली असत. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार बंद पडला आणि घरं ओस पडली. आता उन्हाळ्यात काही कुटुंबं येतात, शेतं लावतात आणि थंडीआधी खाली उतरतात. दगडी भिंती उभ्या आहेत, छपरं बसली आहेत. एका पडक्या घराच्या चौकटीवर कोरलेली फुलं बोटाने चाचपत मी बराच वेळ उभा होतो. लाकूड राखाडी पडलं होतं, पण पाकळ्यांच्या कडा अजून हाताला लागत होत्या. एका घरी जम्बूची फोडणी दिलेली डाळ आणि फाफराच्या (कुट्टूच्या) रोट्या मिळाल्या. जम्बू म्हणजे उंचावर उगवणारी कांद्याच्या कुळातली पात. ती वाळवून तुपात टाकली, की जो वास सुटतो त्यापुढे आमच्या सॅकमधली तयार खिचडीची पाकिटं कुणी उघडेना.

गावाच्या वर भूर्जाच्या झाडांजवळ नंदादेवीचं देऊळ आहे. इथल्या लोकांची नंदा ही लेक आहे, हिमालयाची सासरी गेलेली मुलगी. आमच्या वाटाड्याला आम्ही इथल्या रीतीप्रमाणे दाज्यू म्हणत होतो. दाज्यूंनी घंटा वाजवली, हात जोडले आणि आम्हाला प्रसादाचा गूळ दिला. कोपाचा विषय निघाला तेव्हा ते जरा चिडलेच. "जे होतं ते तिच्या नावावर टाकून तुम्ही मोकळे," म्हणाले.

मारतोलीहून ल्वां गाड या ओढ्याच्या खोऱ्यात शिरलो. ल्वां गाव, नस्पनपट्टीची कुरणं आणि मग सगळा मोरेनचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा राडा. पाय ठेवाल तो दगड हलणार. साधारण ४,३०० मीटरवरच्या बेस कॅम्पला पोचलो तेव्हा ढग होते. दुसऱ्या दिवशी पहाटे तंबूची चेन उघडली तर ७,४३४ मीटरचं ईस्ट शिखर अगदी अंगावर आल्यासारखं. पाठीमागे नंदाकोट. १९०५ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक टॉम लॉंगस्टाफ याच बाजूने वर चढला आणि ज्या खिंडीतून त्याने पलीकडच्या नंदादेवी अभयारण्यात, म्हणजे शिखरांनी वेढलेल्या खोऱ्यात डोकावलं, तिला आज त्याचं नाव आहे. खिंडीची उंची ५,९०० मीटरच्या आसपास. ईस्टवर जायची नेहमीची वाट तिथूनच, दक्षिण धारेने.

ती वाट १९३९ मध्ये पोलिश तुकडीने पहिल्यांदा शेवटपर्यंत नेली. आडाम कार्पिन्स्की, स्टेफान बेर्नाड्झिकिएविच, याकुब बुयाक आणि यानुश क्लार्नेर असे चौघे, सोबत शेर्पा. २ जुलैला बुयाक आणि क्लार्नेर माथ्यावर पोचले. एवढ्यावर घरी परतले असते तर आज ही फक्त विजयाची गोष्ट असती. पण ते मिलम हिमनदीकडे वळले, ७,०७४ मीटरच्या तिरसुलीसाठी. १८-१९ जुलैच्या रात्री हिमप्रपात तंबूवर आला. कार्पिन्स्की आणि बेर्नाड्झिकिएविच गेले. उरलेले दोघे खाली आले, आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या देशावर जर्मन फौजा चालून गेल्या. बुयाक १९४५ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून नाहीसा झाला. क्लार्नेर १९४९ मध्ये वॉर्सात घराबाहेर पडला तो परतलाच नाही. कोपाची कथा इथून सुरू होते, आणि चारही नावं एका माळेत ओवली की ती पटतेही.

१९५१ ची फ्रेंच मोहीम याच माळेत घालतात. रोजे ड्युप्ला आणि जिल्बेर विन्य यांना मुख्य शिखर आणि ईस्ट यांना जोडणारी धार चालून जायची होती. ते मुख्य शिखराच्या जवळ शेवटचे दिसले. त्यांना शोधायला म्हणून लुई द्युबो आणि तेनसिंग नोर्गे ईस्टवर चढले. तेनसिंग यांनी पुढे आपल्या सर्वांत अवघड चढायांत एव्हरेस्टऐवजी हिचं नाव घेतलं. त्या धारेवरून पार जाणं शेवटी १९७६ मध्ये भारत-जपान मोहिमेतल्या दोन जपानी गिर्यारोहकांना जमलं.

आमच्या तुकडीतला प्रत्येक जण बेस कॅम्पवर आला होता तो २०१९ मनात घेऊन. ब्रिटिश गिर्यारोहक मार्टिन मोरान ईस्टसाठी बारा जणांची तुकडी घेऊन आला होता. त्यातले मोरान धरून आठ जण आधी शेजारच्या ६,४७७ मीटरच्या एका बिननावाच्या शिखराकडे गेले (त्यात एक भारतीय संपर्क अधिकारी). मे महिन्याच्या अखेरीस हिमप्रपाताने सगळे गेले. आयटीबीपीच्या जवानांनी जूनमध्ये सात मृतदेह शोधले. हेलिकॉप्टरला थेट तिथून उचलणं जमेना, तेव्हा पाठीवर, दोराने, धार ओलांडून ते खाली आणले. ३ जुलैला ते पिथौरागढला पोचले. आठवा मिळाला नाही. जवानांना बर्फात एक कॅमेराही सापडला. एका दोरात बांधलेले गिर्यारोहक धारेवरून सावकाश पुढे सरकताना त्यात दिसतात. धारेबाहेर वाऱ्याने वाढवलेला बर्फाचा सज्जा वजनाने तुटला असावा, असा जवानांचा अंदाज होता.

दुर्बीण हातोहात फिरत होती. आमच्यातला सगळ्यात जुना गडी तीन दशकं सह्याद्रीत सुळके चढतोय. तो म्हणाला, "लिंगाण्यावर होल्ड सैल आहे का ते हात लावल्यावर कळतं रे. इथे पायाखाली डोंगर आहे की नुसती हवा, ते कसं कळणार?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. धारेवर चालताना कडेपासून खूप आत, उताराच्या बाजूने राहायचं, हे प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात. पण कड कुठे संपते आणि सज्जा कुठे सुरू होतो, हे वरून पाहणाऱ्याला दिसतच नाही. खालून दुर्बिणीने पाहताना मात्र आम्हाला सगळं दिसत होतं, आणि तेच फार अस्वस्थ करणारं होतं.

मग आम्ही मिलमलाही गेलो. एकोणिसाव्या शतकात तिबेटचं सर्वेक्षण करणाऱ्या पंडित नैनसिंग रावतांचं गाव, त्यामुळे एरवीही गेलोच असतो. हिमनदीच्या माथ्याशी हरदेवल आणि तिरसुली उभ्या होत्या. तिरसुलीवर पहिल्यांदा माणूस पोचला तो १९६६ मध्ये, एका भारतीय मोहिमेतून. जुलैत, ऐन पावसाळ्यात, ओल्या जड बर्फाखाली लावलेला तंबू मी त्या उतारांवर मनातल्या मनात लावून पाहिला. तंबू तिथे लागावा असं वाटेना.

म्हणून कोपाबद्दल माझं मत असं. १९३९ चे दोघे आणि २०१९ चे आठ, यांतल्या कुणाचाही जीव नंदादेवीवर गेलेला नाही. पहिले मोठं शिखर जिंकून झाल्यावर शेजारच्यावर गेले, दुसरे मोठ्याच्या आधी शेजारच्यावर. दोन्ही वेळा त्या उतारांवर आधी कुणाची वाट पडलेली नव्हती. वाट नाही म्हणजे तिथला बर्फ कधी आणि कसा सुटतो याची कुणाकडे आठवण नाही. बुयाक आणि क्लार्नेर यांना तर डोंगराने जिवंत परत पाठवलं होतं. पुढचं युरोपात घडलं, त्याचा हिशेब देवीकडे मागण्यात अर्थ नाही. दाज्यूंना मी हे माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि उद्या खेचरं लवकर निघतील तेव्हा सामान रात्रीच बांधून ठेवा म्हणाले.