कडबा नसलेली ज्वारी

अमेरिकेत ज्वारी सर्वांत जास्त पिकते ती कॅन्सस राज्यात, आणि तरीही इथल्या दुकानात तिचे पीठ हवे असेल, तर गव्हाची चपाती न चालणाऱ्यांसाठी ठेवलेल्या महागड्या पिठांच्या फळीवर ते शोधावे लागते. शरद ऋतूत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना लालसर कणसांची शेते पसरलेली असतात. पण त्यांतले बहुतेक धान्य गुरांच्या खुराकाला, इथेनॉलच्या कारखान्यांना किंवा निर्यातीला जाते.

लातूरकडच्या माणसाला मात्र इथल्या ज्वारीच्या ताटांची उंची खटकते. आपली मालदांडी ही रब्बी ज्वारी माणसाच्या डोक्यावर जाते, ती हाताने उपटतात, आणि कणसे मोडून झाल्यावर उरलेल्या कडब्याच्या पेंढ्यांवर गोठा चालतो. दुष्काळी साली तर धान्यापेक्षा कडब्याचीच चिंता अधिक असते. इथे पीक जेमतेम कमरेपर्यंत येते, कारण कापणी यंत्राने करायची असल्यामुळे ठेंगणे वाण निवडले गेले. १९६३ मध्ये तर उष्ण प्रदेशांतील उंच वाणांना ठेंगणे करण्याचा मोठा संशोधन कार्यक्रमच अमेरिकेत सुरू झाला.

मुळात ही ज्वारी आफ्रिकेची. पूर्व सुदानमध्ये सापडलेल्या, पाच हजार वर्षांहून जुन्या खापरांवर तिच्या तुसांचे ठसे आहेत. तिथून ती समुद्रमार्गे भारतात आली, चीनमध्ये तिची दारू झाली, गुलामांच्या व्यापाराबरोबर ती अमेरिकेत पोहोचली, आणि केंटकी-टेनेसीत गोड ज्वारीच्या रसाची काकवी आजही आवडीने खातात.

इथल्या एका सुदानी कुटुंबात ज्वारीचे आंबवलेले पीठ तव्यावर पातळ पसरून किसरा करतात, तर रमजानसाठी मोड आलेल्या ज्वारीपासून हुलुमुर नावाचे पेय करतात. त्या घरातल्या आजींना मी ताकातल्या आंबिलीची कृती सांगितली, तेव्हा त्यांना त्यात नवल वाटले नाही; मसाल्यांवरून मात्र आमचा बराच वेळ वाद झाला.

गावाकडे खरिपाची ज्वारी सोयाबीनने केव्हाच मागे सारली. सोयाबीनही बाहेरूनच आले, त्यामुळे परकेपणाची तक्रार करण्यात अर्थ नाही. पैसा तेच देते. पण येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, रब्बीच्या रानात पांडवांच्या पूजेसाठी कोप (खोपटी) उभी करायची असते, आणि ती कडब्याचीच लागते.