फाइल न झालेल्या बायका

माझ्या ओळखपत्रावर 'जिल्हा संसाधन व्यक्ती' असं लिहिलंय. ऑफिसात त्याचं डीआरपी होतं आणि गावात 'लोनवाल्या मॅडम'. केंद्र सरकारची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची जी योजना आहे, पीएमएफएमई, ती आपल्याकडे कृषी खात्यामार्फत चालते. पापड, चटणी, शेवया, गूळ, बेदाणा, डाळ असलं काही करणाऱ्याला बँकेचं कर्ज आणि त्यावर प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. अर्ज ऑनलाइन चढवणं, प्रकल्प अहवाल, मशीनचं कोटेशन, उद्यम नोंदणी, फूड लायसन्स आणि मग बँकेचे खेटे, हे सगळं आम्ही करतो. एका प्रकरणामागे २०,००० रुपये मानधन. त्यातले निम्मे पैसे कर्ज मंजूर झाल्यावर, उरलेले युनिट उभं राहून परवाने, प्रशिक्षण उरकल्यावर.

योजनेला मी नावं ठेवणार नाही. २०२० च्या जूनमध्ये, लॉकडाऊनच्या धामधुमीत ती आली, पाच वर्षांसाठी १०,००० कोटींची. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. आमच्या सोलापूर जिल्ह्यात त्यातून उभ्या राहिलेल्या डाळमिल, मसाल्याचे कांडप, शेंगा चटणीची युनिटं मी रोज बघते. त्यातल्या काहींच्या गाडीवर आता स्वतःचं नाव रंगवलेलं आहे. अनुदान हातात पडत नाही, बँकेतच वेगळ्या खात्यात बसतं आणि कर्ज तीन वर्षं नीट फेडलं तरच वळतं होतं, हेही बरंच आहे. नाहीतर अनुदान घेऊन मशीन विकणारे आपल्याकडे कमी नाहीत. (तरीही पहिल्या भेटीत प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "सबसिडी हातात कधी येती?")

माझं म्हणणं त्या २०,००० रुपयांबद्दल आहे. कमी आहेत असं नाही म्हणत मी. म्हणणं एवढंच की ते कर्जाला बांधलेले आहेत.

हिशेब करून बघा. २८ लाखांच्या डाळमिलची फाइल केली तरी २०,००० आणि दीड लाखाच्या शेवयांच्या मशीनची केली तरी २०,०००. डाळमिलवाल्याचा सीए असतो, सातबारा असतो, रिटर्न भरलेले असतात, तो व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतो. शेवयावालीचं लाइटबिल सासऱ्याच्या नावावर, घर ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर दिराच्या नावावर, पॅन कार्डावर माहेरचं नाव. तिच्या फाइलला डाळमिलच्या तिप्पट वेळ जातो, आणि बँकेचे मॅनेजरसाहेबही म्हणतात, "मॅडम, दहा लाखांच्या वरची आणा, कागद तेवढेच लागतात." मग माझ्यासारखी पोटासाठी काम करणारी बाई कोणाकडे आधी जाईल? मी जाते की डाळमिलवाल्याकडे. महिना काढायचा असतो.

आणि जिला कर्जच नको, तिच्याकडे जायला तर कोणालाच पैसे मिळत नाहीत.

एक अक्का आहेत. नाव नाही लिहीत, त्यांना आवडणार नाही. कडक भाकरी करतात. सोलापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते: ज्वारीची भाकरी कागदासारखी पातळ थापायची, भाजून घ्यायची, मग मंद आचेवर फडक्याच्या बोळ्यानं कडेकडेनं दाबत राहायचं, पार पापडासारखी वाजेपर्यंत. घाई केली की मधे ओल राहते, आणि ओल राहिलेली एक भाकरी अख्ख्या पाकिटाला बुरशी आणते. अक्कांचा अंगठा नि पहिलं बोट कायम भाजलेलं. पाकिटं दोन दुकानांत जातात. दुकानदार पैसे पंधरा दिवसांनी देतो, कधी महिन्यानं.

मी त्यांना भाकरीच्या मशीनचं कोटेशन दाखवलं. त्यांनी फोटो नीट बघितला, मोबाइल परत दिला. "मशीनची भाकरी घेणार कोण ओ? पुण्याची गिऱ्हाइकं हातची म्हणूनच घेत्यात. मला ज्वारीला पैसे द्या की."

बरोबर होतं त्यांचं. त्या किराणा दुकानातून दहा-दहा किलो ज्वारी आणतात. कधी मालदांडी मिळते, कधी भलतीच, आणि पीठ चिकट नसलं की भाकरी थापताना चिरते. सुगीत मंगळवेढ्याकडून चार-पाच क्विंटल एकदम घेतली, दोन कोठ्या घेतल्या, पाकीट सील करायचं एक बरं यंत्र आणि दुकानदाराची उधारी झेपेल एवढी रक्कम हाताशी ठेवली, की त्यांचं वर्ष सुटतं. सगळे मिळून ४०,००० रुपये.

आता गंमत बघा. याच योजनेत बचत गटातल्या बाईला छोटी अवजारं आणि खेळत्या भांडवलासाठी ४०,००० रुपये बीज भांडवल देता येतं. पण अक्कांचा गट सचिवबाईंच्या भांडणात कधीच मोडला. मुद्रा योजनेचं शिशू कर्ज ५०,००० पर्यंत मिळतं. पण कोरोनात त्यांचे फायनान्सवाल्याचे आठवड्याचे हप्ते थकले होते, नंतर तडजोड करून खातं मिटवलं, आणि आता सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, 'सेटल्ड' असा शिक्का आहे. शाखेत तारण मागत नाहीत, कारण एवढ्या छोट्या कर्जाला तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. "जामीनदार आणा" म्हणतात, नोकरीतला. स्वनिधी योजना रस्त्यावरच्या फेरीवाल्यांची. अक्का घरात बसून करतात, त्या फेरीवाल्या नाहीत. म्हणजे चार दारं, चारही उघडी, आणि प्रत्येकाला उंबरठा निराळा.

पोर्टलवर किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर हे दिसतं. अक्का त्यात कुठंच नाहीत, कारण त्यांनी अर्जच केला नाही. म्हणून मी एक वही केली. ज्यांची फाइल होऊ शकली नाही त्यांची. नाव नाही, फक्त गाव, धंदा, किती रक्कम हवी होती आणि गाडं कुठं अडलं. लिहायला लागल्यावर लक्षात आलं की 'धंदा चालत नाही' हे कारण जवळजवळ येतच नाही. येतं ते सिबिल, घराचा उतारा, मोडलेला गट. आणि रक्कम बहुतेक वेळा पन्नास हजारांच्या आत.

दुसरी अडचण वरची आहे, व्याख्येची. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योग म्हणजे यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल. आधी हीच मर्यादा १ आणि ५ कोटी होती. वाढवली त्याला माझा विरोध नाही, महागाई सगळ्यांनाच आहे. पण बँकांनी आपल्या कर्जातला साडेसात टक्के वाटा सूक्ष्म उद्योगांना द्यावा असा जो दंडक आहे, तो ९ कोटींची उलाढाल करणाऱ्याला कर्ज देऊनही पुरा होतो. बँकांच्या तिमाही आढाव्यात 'सूक्ष्म: उद्दिष्ट पूर्ण' असा रकाना दिसला की सगळे माना डोलावतात. त्या रकान्यात १ लाखाच्या आतलं किती, असं विचारायला जागाच नाही.

मी विचारलं एकदा, अशाच एका बैठकीत. मागच्या रांगेतून. अधिकारी चांगले होते, ऐकून घेतलं, म्हणाले, "निवेदन द्या." निवेदन म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे: चार जण टेबलापलीकडे उभे, साहेब खुर्चीत, कागदाला सगळ्यांचा हात लागलेला, फोटो. फोटो दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आला, कागदाचं काय झालं ते आलं नाही.

पण बोलून काही होत नाही असं मी म्हणणार नाही, झालेलं आहे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना जमवून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांना या बायकांना कर्ज द्यायला लावलं. डबे करणारी बाई म्हणजे धंदेवाली, हे तोवर बँकेच्या डोक्यातच नव्हतं. आमच्या शेजारच्या साताऱ्यात, म्हसवडला, माणदेशी महिला बँकेला परवाना नाकारला गेला कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि १९९७ मध्ये बँक सुरू झाली. फेरीवाल्यांनी वर्षानुवर्षं भांडून २०१४ चा कायदा आणला. त्यात शहराच्या फेरीवाला समितीत ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत असं लिहिलंय. अंमलबजावणीचं रडगाणं आहेच, पण कागदावर हक्काची खुर्ची तरी आहे. घरात बसून भाकरी, पापड, कुरडया करणारीला अशी खुर्ची कुठल्याच समितीत मी पाहिलेली नाही. तिच्या वतीनं बोलतो कोण? मी, आणि माझे पैसे डाळमिलवर अवलंबून.

मला हवंय ते अगदी साधं आहे. कर्ज झालं नाही तरी सोबत केल्याचे पैसे द्या. बाईचा गट पुन्हा बांधून दिला, तिचं सिबिल दुरुस्त करून घेतलं, शंभर रुपयांची फूड नोंदणी करून दिली, दुकानदाराशी उधारीचं बोलून दिलं, यातल्या प्रत्येकाला थोडं मानधन लावा, आणि मंजुरीनंतर दोन वर्षं जाऊन बघायलाही लावा. आज दुसरा हप्ता मिळाला की माझा त्या युनिटशी संबंध संपतो, आणि युनिट आजारी पडायला लागतं ते नेमकं त्यानंतर, पहिला पावसाळा आणि पहिली बुडीत उधारी आली की. आणि सूक्ष्म उद्योगांच्या रकान्याखाली १ लाखाच्या आतल्या कर्जांची एक वेगळी ओळ काढा. कायदा बदलायला नको, तक्त्यात एक ओळ.

अक्कांनी शेवटी पतसंस्थेतून २५,००० काढले, मुलीच्या सोन्यावर. तीन क्विंटल ज्वारी आली. व्याज योजनेपेक्षा जास्त आहे, पण पैसे त्याच दिवशी मिळाले, आणि पतसंस्थेचा क्लार्क त्यांना 'या अक्का' म्हणाला, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

पुढच्या तिमाही बैठकीला मी वहीतल्या नोंदींचा तक्ता करून नेणार आहे, तालुक्यानुसार. एका जिल्ह्याची वही म्हणजे 'मॅडमचा अनुभव', पाच-सहा जिल्ह्यांच्या जमल्या तर ती माहिती होते. तुम्ही डीआरपी असाल, बचत गटांच्या उमेद अभियानातल्या सीआरपी, म्हणजे गावातल्या कार्यकर्त्या असाल, सेतू चालवत असाल, तर अशा नोंदी ठेवा. नावं नकोत, गाव, धंदा, रक्कम, अडलं कुठं, एवढंच. माझा कोरा तक्ता हवा असेल त्यांनी खाली सांगा, मी पाठवते.